आकडा वाढतोय, पण आपलं काय? क्लिकर खेळ निवडण्याआधी थोडंसं

कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आहेत. तोवर काय करायचं, म्हणून तुम्ही फोनवर एक खेळ उघडता. स्क्रीनवर एक मोठी गोल कुकी असते. तिच्यावर बोट ठेवलं की वरचा आकडा एकने वाढतो. एक, दोन, तीन. १५ कुकीज झाल्या की एक ‘कर्सर’ विकत घेता येतो, तो दर दहा सेकंदांनी तुमच्यासाठी एक कुकी करतो. १०० झाल्या की एक आजी मिळते. ती दर सेकंदाला एक कुकी भाजते. मग शेत, मग खाण, मग कारखाना. भानावर येता तेव्हा पाचवी शिट्टी झालेली असते आणि डाळीचं पिठलं झालेलं असतं.

ओळखीचं वाटतंय ना? नसेल वाटत, तर घरात कुणाला तरी असं करताना नक्की पाहिलं असेल. या खेळांना इन्क्रिमेंटल, आयडल किंवा सरळ ‘क्लिकर’ खेळ म्हणतात. यात हरणं जवळजवळ नसतंच. आकडा वाढवायचा, त्यातून आकडा आणखी वेगाने वाढवणारी वस्तू घ्यायची आणि पुन्हा तेच. वर सांगितलेला ‘कुकी क्लिकर’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध.

बहुतेक असे खेळ ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतात, डाउनलोडची भानगड नाही. म्हणूनच ते ऑफिसच्या संगणकापासून आजोबांच्या फोनपर्यंत सगळीकडे पोचतात. आज बोलूया की यात एवढं गुंतण्यासारखं असतं तरी काय, आणि खेळायचाच झाला तर कोणता निवडावा.

चेष्टा म्हणून जन्मलेले खेळ

गंमत म्हणजे या प्रकारातले सुरुवातीचे काही खेळ लोकांनी खेळावेत म्हणून नाही, तर खेळणाऱ्यांची थट्टा करायला बनवले गेले. २००२ मध्ये आलेल्या ‘प्रोग्रेस क्वेस्ट’मध्ये तुम्ही एक पात्र निवडायचं आणि मग फक्त बघत बसायचं. लढाया, बक्षिसं, बढत्या सगळं आपोआप. त्या काळी लोक तासन्‌तास ऑनलाइन राक्षस मारत बसायचे, त्यांना मारलेला हा टोमणा होता.

२०१० मध्ये अमेरिकेतले गेम डिझायनर आणि प्राध्यापक इयन बोगोस्ट यांनी फेसबुकवर ‘काऊ क्लिकर’ आणला. फेसबुकवरचे शेतीचे खेळ किती पोकळ आहेत हे त्यांना दाखवायचं होतं. त्यामुळे नियम अगदी साधा. कुरणात एक गाय आहे, तिच्यावर क्लिक करा. आता सहा तास थांबा. मग पुन्हा क्लिक करा. थांबायचं नसेल तर पैसे मोजा. बस, एवढंच. बोगोस्टना वाटलं होतं की लोक हसतील आणि निघून जातील. पण ५० हजारांहून जास्त लोक तो मनापासून खेळायला लागले! शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी सगळ्या गायी गायब करून टाकल्या. कुरणात उरल्या रिकाम्या जागा. आणि काही जण त्या रिकाम्या जागांवरही क्लिक करत राहिले.

ही रिकामी जागा लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

या प्रकाराचं खरं वर्ष म्हणजे २०१३. त्या वर्षी ‘कँडी बॉक्स’ आला, ‘अ डार्क रूम’ आला आणि ऑगस्टमध्ये ‘कुकी क्लिकर’. ज्युलियन थिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने, जो ‘ऑर्टेल’ या नावाने ओळखला जातो, तो एका रात्रीत लिहिला होता. काही तासांत हजारो लोक कुकीवर बोटं आपटत होते.

गंमत नेमकी कुठे आहे?

पहिलं कारण सोपं आहे. आयुष्यात बहुतेक ठिकाणी मेहनत आणि फळ यांच्यात फार मोठं अंतर असतं. अभ्यास आज करा, निकाल वर्षाने. चालायला आज सुरुवात करा, वजनकाटा महिनाभर जागचा हलत नाही. इथे मात्र बोट लावलं की लगेच आकडा हलतो. कुणाच्या मर्जीवर काही नाही.

दुसरं कारण गणिताचं. कुकी क्लिकरमध्ये पहिली आजी १०० कुकीजना मिळते, पण प्रत्येक खरेदीनंतर तिची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. अकराव्या आजीला सुमारे ४०५ कुकीज पडतात आणि एकावन्नाव्या आजीला १ लाख ८ हजारांच्या वर! म्हणजे कमाई वाढते, पण किंमत तिच्या पुढे पळते. त्यामुळे पुढची वस्तू कायम ‘आता होईलच’ इतक्या अंतरावर दिसते. हातात येते ना येते तोच त्याच्या पुढची दिसायला लागते.

केरळमधल्या अंबलप्पुळाच्या श्रीकृष्ण मंदिराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. साधूच्या वेषातल्या कृष्णाशी राजा बुद्धिबळ खेळतो आणि हरतो. साधू मागणी करतो, पटाच्या पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट दाणे दे. राजाला वाटतं, एवढंच? पण ६४ घरांची बेरीज होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे. राज्याचं कोठार काय, सगळी पृथ्वी पुरणार नाही. मग ते कर्ज फेडायला देवळात रोज पायसम वाटायचं ठरलं, अशी कथा आहे. क्लिकर खेळ म्हणजे याच पटावर तुम्हाला दाणे गोळा करायला बसवणं. शाळेत पाठ केलेलं खर्व, निखर्व, महापद्म आठवतंय? एक ट्रिलियन म्हणजे आपल्या जुन्या मोजणीतलं महापद्म. कुकी क्लिकरमध्ये तिथे पोचल्यावर खरा खेळ सुरू होतो. सगळं सोडून शून्यापासून सुरुवात करायची आणि बदल्यात पुढच्या फेरीसाठी कायमची बढती मिळवायची. पहिली पायरी एका ट्रिलियनला, दुसरी एकूण ८ ट्रिलियनला, तिसरी २७ ला. घनांचा पाढाच!

तिसरं कारण जरा जपून वाचा. मधूनच स्क्रीनवर एक सोनेरी कुकी उगवते. सुरुवातीला ती ५ ते १५ मिनिटांत कधीही येते आणि साधारण १३ सेकंदांत नाहीशी होते. वेळेत पकडली तर कधी कधी सव्वा मिनिटभर उत्पादन सातपट होतं. कधी येईल ते ठाऊक नसल्याने नजर हटत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. दाणा ठरलेल्या वेळी मिळाला तर कबुतर निवांत असतं, पण कधी मिळेल याचा नेम नसेल तर ते चोच मारतच राहतं.

माझा टॅब, माझी रिकामी जागा

आता थोडं स्वतःबद्दल, कारण हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी पहिली नोकरी गेली. घरापासून लांब, भाड्याच्या खोलीत अडीच महिने बसून होते. रोज अर्ज पाठवायचे. ‘नाही’ असंसुद्धा कुणी कळवायचं नाही. त्या दिवसांत एका टॅबमध्ये कुकी क्लिकर उघडा असायचा. आधी अर्जांच्या मधे खेळायचे, मग खेळाच्या मधे अर्ज करायला लागले, मग अर्ज राहूनच जायला लागले. सुरुवातीला हा खेळ बंद केला की कुकीज बनत नाहीत, म्हणून लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायचे. आई फोनवर विचारायची, “काय चाललंय गं?” मी म्हणायचे, “काम.”

एक दिवस लॅपटॉप फार हळू चालायला लागला म्हणून ब्राउझरची साफसफाई केली. ‘कुकीज आणि साइट डेटा पुसायचा का?’ असं त्याने विचारलं आणि मी विचार न करता ‘हो’ म्हटलं. टॅब पुन्हा उघडला तर समोर एक कुकी, आणि वर शून्य. ब्राउझरच्या कुकीज पुसताना माझ्याही गेल्या होत्या.

सांगायला लाज वाटते, पण मी रडले. आणि रडता रडता लक्षात आलं की हे कुकीजसाठी नाही. त्या अडीच महिन्यांत माझ्या आयुष्यात पुढे सरकलेली ती एकच गोष्ट होती. तीही गेली, आणि तरीही माझा हात त्या कुकीवर क्लिक करत होता. गाय गेलेल्या कुरणातल्या लोकांसारखा.

त्या रात्री आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “अगं, मी रोज वीस पोळ्या लाटते आणि रात्री डबा रिकामा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून. माझा आकडा कुणी लिहून ठेवलाय?”

दुसऱ्या दिवशी मी एक वही काढली. अर्ज पाठवला की एक रेघ, कुणाशी कामाबद्दल बोलणं झालं की एक रेघ. उत्तर आलं की नाही ते मोजायचंच नाही, आपण काय केलं तेवढंच मोजायचं. नोकरी त्या वहीमुळे लागली असं मी म्हणणार नाही. पण टॅबमधला आकडा बघायची गरज मात्र कमी झाली. वही माझ्याकडे अजून आहे. आईलाही एक नेऊन दिली. तिने त्यात दुधाचा हिशोब लिहायला घेतला, तो भाग वेगळा!

मी हे खेळ आजही खेळते. पण आता निवडून खेळते.

निवडताना विचारायचे चार प्रश्न

*१. हा खेळ संपतो का?* काही क्लिकर खेळांना शेवट असतो, गोष्टीसारखा. काही वर्षानुवर्षं चालतात. शेवट असलेला खेळ तुम्हाला स्वतःहून मोकळं करतो. नवीन असाल तर त्यानेच सुरुवात करा.

*२. बंद केला तर काय होतं?* इथे तीन प्रकार असतात. काही खेळ तुम्ही नसताना थांबून राहतात. काही तुमच्या मागे काम चालू ठेवतात आणि परत आल्यावर कमाई हातात देतात. तिसऱ्या प्रकारात तुम्ही वेळेत आला नाहीत तर नुकसान होतं, म्हणजे पीक वाळतं, बक्षीस हुकतं, रोजच्या हजेरीची साखळी तुटते. पहिले दोन चालतील. तिसऱ्यापासून लांब राहिलेलं बरं. रात्री गजर लावून उठवणारा खेळ म्हणजे नोकरीच झाली, तीही बिनपगारी.

*३. बदल्यात काय मागतो?* ‘फुकट’ म्हणजे नेमकं काय ते पाहा. दर दोन मिनिटांनी जाहिरात? ‘वाट बघायची नसेल तर पैसे भरा’? नोटिफिकेशनची परवानगी? लॉगिन? साध्या क्लिकरला तुमच्या संपर्कयादीची काही गरज नसते.

*४. डोक्याला काही काम आहे का?* चांगल्या खेळात दर थोड्या वेळाने निर्णय घ्यावा लागतो. आता खर्च करू की साठवू? शेत घेऊ की कारखाना? नुसतं बोट आपटायचं असेल तर दहा मिनिटांत मनगट दुखेल आणि हाती काही लागणार नाही.

मग कोणता खेळावा?

*एका सुट्टीत संपवायचा असेल तर ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’.* न्यूयॉर्कमधले गेम डिझायनर फ्रँक लँट्झ यांनी तो २०१७ मध्ये बनवला. चित्रं नाहीत, फक्त आकडे आणि बटणं. कागदाला लावायच्या क्लिप्स बनवायच्या आणि विकायच्या. दर किती ठेवायचा, तार कधी घ्यायची हे ठरवायचं. हळूहळू कळतं की आपण एक कृत्रिम बुद्धी आहोत आणि क्लिप्स बनवण्याशिवाय आपल्याला काहीच कळत नाही. निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये मांडलेल्या एका कल्पनेवर तो बेतला आहे. यंत्राला फक्त क्लिप्स वाढवायला सांगितलं, तर ते कुठवर जाईल? शेवट सांगत नाही. पण शेवट आहे, आणि तो गाठल्यावर ‘आकडा कशासाठी वाढवतोय?’ हा प्रश्न कुणी न शिकवता पडतो.

*गोष्ट आवडत असेल तर ‘अ डार्क रूम’.* मायकेल टाउनसेंड यांचा हा खेळ काळोख्या खोलीत शेकोटी पेटवण्यापासून सुरू होतो. आधी एकच बटण. मग लाकडं, मग दारात कुणी अनोळखी, मग वस्ती, मग बाहेरचं जग. सगळा खेळ मजकुरातून उलगडतो, इंग्रजी सोपं आहे. वातावरण मात्र गडद आहे, म्हणून जरा मोठ्या मुलांसाठी.

*सावकाश, महिनोन्‌महिने खेळायचं असेल तर ‘किटन्स गेम’.* मांजरांचं गाव वसवायचं. झोपड्या बांधल्या की मांजरं राहायला येतात, पण हिवाळ्यात त्यांचं खाणं कमी उगवतं. साठा केला नसेल तर मांजरं उपाशी मरतात. बेगमी म्हणजे काय हे मुलांना शिकवायला याहून चांगला धडा नाही. चिकाटी मात्र हवी.

*हलकंफुलकं हवं असेल तर ‘कुकी क्लिकर’च.* विनोदी आहे आणि पैसे भरून पुढे जायचा तगादा नाही. पुढे पुढे आज्या चिडतात आणि चित्रं थोडी भीतीदायक होतात, एवढं लहान मुलांसोबत खेळताना लक्षात ठेवा. फोनपेक्षा मोठ्या स्क्रीनवर सोयीचा.

*‘ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट’* हेही नाव तुमच्यासमोर येईल. लिंबू सरबताच्या गाडीपासून धंदा वाढवायचा. आपण नसताना चालतो, हे बरं. पण जाहिरात बघितली की नफा वाढतो आणि खऱ्या पैशांचं दुकानही आत आहे, त्यामुळे तिसरा प्रश्न विसरू नका.

दोन-चार कामाच्या गोष्टी

नावाने शोधलं की मूळ खेळाच्या बऱ्याच नकला समोर येतात, जाहिरातींनी भरलेल्या. बनवणाऱ्याच्या मूळ पानावरच खेळा. बहुतेक ब्राउझर खेळांची प्रगती त्याच ब्राउझरमध्ये साठते, त्यामुळे साफसफाई केली किंवा खासगी विंडोत खेळलात की सगळं जातं. कुकी क्लिकरच्या ऑप्शन्समध्ये ‘एक्स्पोर्ट सेव्ह’ असतं. त्यातून मिळणारा मजकूर नोट्समध्ये चिकटवून ठेवा. अनुभवाचे बोल आहेत!

मुलांच्या हातात फोन देण्याआधी ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड लागेल अशी सेटिंग करून ठेवा. आणि ‘अर्धा तासच’ म्हणण्यापेक्षा ‘पुढचा कारखाना घेतलास की बंद’ असं सांगून पाहा. पण तो कारखाना किती दूर आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर वरचं १५ टक्क्यांचं गणित तुमच्यावरच उलटेल. शक्य असेल तर शेजारी बसून विचारा, “आता साठवायचं की घ्यायचं? का?” चक्रवाढ काय असते ते मुलं अशी चटकन शिकतात.

आणि घरात कुणी मोठं माणूस अचानक तासन्‌तास असा खेळ खेळताना दिसलं, तर लगेच फोन काढून घेऊ नका. आधी विचारा, “सध्या काही अडलंय का?” निवृत्त झालेले बाबा असोत, परीक्षेच्या निकालाची वाट बघणारी ताई असो किंवा नोकरी शोधणारा भाऊ. आकडा वाढताना बघण्याची ओढ पुष्कळदा तिथून येते, जिथे बाकी काहीच हलत नसतं. खेळ तेव्हा चार घटका आधार देतो, त्यात वाईट काही नाही. फक्त त्या आधारावर घर बांधायचं नसतं.

तेव्हा खेळा, बिनधास्त खेळा. टॅब बंद करण्याआधी एकदा वरच्या आकड्याकडे बघा आणि आज दिवसभरात तुम्ही केलेली, कुणीही न मोजलेली एक गोष्ट आठवा. वीस पोळ्या असतील, एक अवघड फोन असेल, मुलाला समजावलेलं एक गणित असेल. तिची एक रेघ तुमच्या वहीत ओढा.

आणि हो, गॅस बंद केलात ना?